आप्पांचं अर्पण

आप्पा साक्ष द्यायला उभे राहिले तेव्हा मी रुमालानं वारा घेत बसले होते. जूनचा पहिला रविवार, चर्चवर पत्र्याचं छप्पर, सकाळचे अकरा. आत अंग नुसतं उकडून निघत होतं. आढाव पाळकसाहेबांनी डोळे मिटले होते, ते ध्यानासाठी की झोपेसाठी ते प्रभूलाच ठाऊक.

"भाऊबहिणींनो, सलाम," आप्पा म्हणाले. आवाज बसला होता. "सुलोचनावहिनींचा आमोस माझ्या कामावर असताना गेला, त्याला सव्वा महिना झाला. माझ्या यारीचा दोर तुटला आणि त्यांचा एकुलता एक मुलगा विहिरीत पडून मेला. तेव्हापासून मी उपास केले, गुडघे टेकले, पण जिवाला चैन नाही. शेवटी मला वाट दिसली. देवानं आपल्या पापांसाठी स्वतःचा एकुलता एक पुत्र दिला. मला पुत्र नाही, पण लेकरू एकच आहे. आजपासून माझी एस्तेर मी सुलोचनावहिनींना देतो. ती त्यांच्या घरी राहील, त्यांचे डोळे मिटेपर्यंत त्यांना सांभाळील. हा माझा देवाशी करार."

"आमेन!" अख्खी मंडळी म्हणाली.

आमच्या मंडळीची ही खोडच होती. कोणी देवाचं नाव घेऊन आवाज खाली आणला की आमेन आपोआप बाहेर पडायचं. एकदा बाबूराव पंचांनी साक्षीत शेळी हरवल्याचं सांगितलं होतं, तेव्हाही सगळे दणक्यात आमेन म्हणाले होते. पाळकसाहेब दचकून जागे झाले आणि त्यांनी एक वेगळं, मोठं आमेन म्हटलं. आणि मी? काय सांगू, मीही म्हटलं. म्हणून झाल्यावर मग डोक्यात शिरलं की एस्तेर म्हणजे मीच.

अठरा वर्षांची होते मी. मॅट्रिक होऊन घरी बसले होते आणि मिरजेच्या नर्सिंगच्या शाळेचं पत्र आलं होतं. पंधरा जूनला सकाळी दहाच्या आत हजर राहायचं, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाणार. पत्र्याची ट्रंक रंगवून तयार होती, झाकणावर पांढऱ्या अक्षरात नावही घालून झालं होतं. आणि आप्पांनी माझं दान करून टाकलं होतं, तेही पन्नास माणसांच्या साक्षीनं.

बायकांच्या रांगेत एकच बाई आमेन म्हणाली नव्हती. सुलोचनामावशी. ती सरळ समोर बघत होती. उपासना संपली तशी पदर सावरून निघून गेली, कोणाला सलामसुद्धा केला नाही.

घरी आईनं आकाशपाताळ एक केलं. "अब्राहाम इसहाकाला बळी द्यायला घेऊन निघाला तेव्हा पोराच्या आईला, साराला विचारलं नव्हतं. पण मी काही सारा नाही! माझ्या पोटची पोर आहे ती. कोणाला विचारून दिलीत?"

"देवाला विचारलं," आप्पा म्हणाले.

"आणि देव काय म्हणाला?"

आप्पांनी माझी ट्रंक उचलली आणि दाराबाहेर नेऊन ठेवली.

दुपारी पाळकसाहेब आले. घाम पुसत आप्पांना म्हणाले, "शांतवनराव, मी आमेन म्हटलं खरं, पण घाईत झालं ते. पोरीच्या शिक्षणाचा तरी विचार करा."

"पाळकसाहेब, तुम्हीच शिकवलंत ना, करार मोडायचा नसतो?"

पाळकसाहेब चहा घेऊन निघून गेले. पाळक माणूस चांगला होता, पण कोणाच्या अध्यातमध्यात पडायची त्याला भारी भीती.

आता आप्पा म्हणजे कोण ते सांगायला हवं. विहिरी खोदायच्या तर खालचा दगड-माती वर काढायला यारी लागते, म्हणजे काठावर उभं केलेलं लोखंडी आडं, इंजिन, तारेचा दोर आणि त्या दोराला टांगलेलं लोखंडी टोपलं. माणसंही त्याच टोपल्यात उभी राहून खाली उतरतात. आमच्या नेवासे तालुक्यात आप्पांची यारी सगळ्यांना माहीत होती. आणि यारीहून जास्त माहीत होती त्यांची प्रार्थना. पहिला माणूस खाली उतरायच्या आधी आप्पा काठावर उभे राहून हात वर करायचे. सगळे टोप्या काढायचे, जे ख्रिस्ती नव्हते तेसुद्धा. बारा वर्षांत त्यांच्या विहिरीवर कोणाला साधी खोक पडली नव्हती. लोक गाय आटली तरी आप्पांना प्रार्थनेला बोलवायचे, पोराची परीक्षा असली तरी बोलवायचे. मलाही त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी आप्पा मला घेऊन सुलोचनामावशीच्या दारात उभे राहिले. ती अंगणात कुरडयांचा चीक हाटत होती. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. उन्हाळ्यात ती लोकांच्या कुरडया, शेवया करून द्यायची.

"वहिनी, आणली," आप्पा म्हणाले. मान खाली.

"काय करू हिचं?"

"तुमची लेक समजा. करार झालाय."

"करार दोघांचा असतो, भावजी. मंडळी आमेन म्हणाली, मी नाही म्हणाले."

माझ्या जिवात जीव आला. मला वाटलं आता ही बाई मला हाकलणार आणि मी धावत घरी जाणार. पण मावशीनं पळी टोपात ठेवली, आप्पांच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मला आणखी काही द्यायचं आहे का तुम्हाला?"

"माझ्याकडे आणखी काय आहे, वहिनी? सगळ्यात मोठं होतं तेच दिलं."

"बरं," ती म्हणाली. "राहू द्या हिला."

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. मारहाण नाही, शिव्या नाहीत, उपाशी ठेवणं नाही. उलट वाढताना भाकरीवर तूप असायचं. पण मला ती कामच देईना. भांड्यांना हात लावला की "राहू दे", झाडू घेतला की "राहू दे". कुरडया वाळत घातल्या की हातात काठी द्यायची आणि म्हणायची, "कावळे हाकल." मिरजेला जाऊन नर्स होणार होते आणि इथं दिवसभर कावळ्यांशी भांडत बसले होते! दिवस मोजायचे. आज आठ तारीख. आज नऊ. रोज रात्री आमोसच्या खाटेवर निजायचे. मावशीनं दुसरी खाट दिलीच नाही.

प्रार्थना करायला बसले तर शब्द सुचायचे नाहीत. लहानपणापासून पाठ असलेलंही अर्ध्यावर तुटायचं. मावशीच्या घरातलं बायबल फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलं होतं आणि त्यावर धूळ बसली होती. ते काढायचं धाडस मला झालं नाही.

रोज दुपारी जेवणं झाली की मावशी एकच प्रश्न विचारायची. "तुझा बाप काही म्हणाला?"

"काय म्हणायचंय त्यांना?"

"म्हणजे काही म्हणाला नाही. बस मग."

पहिल्या दिवशी मला काहीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी थोडं कळलं. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं तेव्हा मी काठी घेऊन कावळ्यांकडे पळाले. मला वाटलं, हिला माहीत आहे की काय? मग वाटलं, छे, कसं असेल? माहीत असतं तर हिनं गाव डोक्यावर घेतलं असतं.

सोमवारी, बारा तारखेला, मावशी कुरडया पोचवायला गेली तेव्हा आई आली. पदराखाली पत्र, तिकिटापुरते पैसे आणि बांधलेली शिदोरी.

"उद्या दुपारी दोनची एसटी आहे. नगरहून रात्रीची मिरजेची गाडी मिळते. तू सरळ निघ. तुझ्या आप्पांचं मी बघते."

"आणि करार?"

"खड्ड्यात गेला करार! देवाला माझी पोर नको आहे. त्याला हवी असती तर त्यानं मला सांगितलं असतं, मीही प्रार्थना करते." आई रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "दोनची गाडी. विसरू नकोस."

मी पत्र ट्रंकेत ठेवलं. सुटले, असं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. हातापायांत नुसती वळवळ सुटली होती, बसवेना आणि उभंही राहवेना. पळून गेले असते तर मावशीनं काही केलं नसतं, हे मला माहीत होतं. पण मिरजेला जाऊन मी लोकांच्या जखमा बांधणार, आणि इथं जे माहीत आहे ते पोटात घेऊन जाणार? त्या दिवशी पहिल्यांदा मला आप्पांची चीड आली. इतकी आली की माझी मलाच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी चीक हाटत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि बोलून टाकलं.

"मावशी, दोर खराब झालाय हे आप्पांना माहीत होतं. आमोसदादा आदल्या संध्याकाळी घरी येऊन सांगून गेला होता. म्हणाला, काका, दोराचे पदर सुटलेत, नवा आणू. आप्पा म्हणाले, मालकाला विहीर पावसाच्या आत हवी आहे, उद्याचा दिवस वाया घालवायचा नाही. परवा नगरला जाऊन आणतो, तोवर प्रार्थना करून उतरू. मी तिथंच होते. मीच त्याला चहा दिला. पोलिसांना आप्पांनी सांगितलं की दोर अचानक तुटला. मीही गप्प बसले."

मावशीचा हात थांबला नाही. चीक खाली लागला असता.

"चहात साखर जास्त पडली होती तुझ्याकडून," ती म्हणाली. "घरी येऊन हसत होता. म्हणाला, आई, एस्तूच्या हातचा चहा म्हणजे नुसता पाक. आणि म्हणाला, काकांना दोराचं सांगितलंय, परवा बदलतील."

"म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस? पोलिसांत जायचंस. मंडळीत उभं राहायचंस!"

"जाऊन काय करू? आमोस परत येणार आहे?" आता तिनं पळी ठेवली. "माझं पोरगं मरायच्या आदल्या दिवशी एक खरी गोष्ट बोललं, एस्तू. आणि तुझा बाप ती गिळून बसला. मला त्याच्या तोंडून ऐकायची आहे. तो साक्षीला उठला तेव्हा मला वाटलं, आता सांगतोय. तर त्यानं तुला पुढं केलं. म्हटलं, ठीक आहे, पोर घरात ठेवून घेते. पोरीसाठी तरी येऊन सांगेल. नऊ दिवस झाले."

साडेदहा वाजले होते. मी तशीच उठले आणि अनवाणी पळत सुटले.

आप्पा घरी नव्हते. चर्चमध्ये होते, एकटेच, वेदीपुढं गुडघे टेकून. दाढी वाढलेली, गाल बसलेले. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर आनंद दिसला आणि लगेच गेला.

"तू इथं कशाला आलीस? वहिनींना सोडून यायचं नाही."

"आप्पा, दोराचं सांगा त्यांना."

ते उठून बाकावर बसले. मग म्हणाले, "मी तुला दिलं, एस्तू. माझं एकच लेकरू. याहून मोठं मी काय देऊ?"

"मी तुमची नव्हते द्यायला! मला विचारलंत तरी का? खरं काय ते तुमच्याजवळ होतं, ते द्यायचं सोडून मला दिलंत."

बापाशी असं बोलायची पद्धत आमच्या घरात नव्हती. मला वाटलं, कानाखाली बसणार. पण आप्पा रडायला लागले. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं, आमोसच्या मातीलासुद्धा नाही.

"तुला वाटतं मी पोलिसांना भितो?" ते म्हणाले. "तसं नाही गं. त्या दिवशी सकाळी मी रोजच्यापेक्षा दुप्पट वेळ प्रार्थना केली. दोर मनात होता म्हणून केली. पोरगं टोपी काढून उभं होतं, माझ्यावर विश्वास ठेवून टोपल्यात चढलं. मला माहीत होतं, एस्तू. मी देवाला दोराच्या जागी बांधला. हे सांगितलं तर माझ्या बारा वर्षांच्या प्रार्थनेचं काय राहील? देवापुढं कोणत्या तोंडानं उभा राहू?"

"देवाला माहीतच आहे की! मावशीलाही माहीत आहे. आमोसनं तिला त्याच रात्री सांगितलं होतं."

आप्पा उठले, खुंटीवरची टोपी घेतली आणि माझ्याही पुढं चालायला लागले.

अंगणभर कुरडया घातलेल्या होत्या. मावशी ओट्यावर बसली होती. आप्पा पायवाटेवर उभे राहिले, टोपी काढली आणि सवयीनं डोळे मिटले.

"वहिनी, आधी प्रार्थना करू या."

"नको," मावशी म्हणाली. "डोळे उघडा, भावजी. माझ्याकडं बघून बोला."

आप्पांनी डोळे उघडले. आणि सांगितलं. सगळं सांगितलं. दोराचे किती पदर सुटले होते, आमोस काय म्हणाला, स्वतः काय म्हणाले, सकाळची लांबलेली प्रार्थना, टोपलं सुटलं तेव्हाचा आवाज. एका शब्दाचीही सारवासारव केली नाही. मी ओट्याच्या खांबाला धरून उभी होते.

मावशीनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "टोपल्यात चढताना काही बोलला का?"

"म्हणाला, काका, आज लवकर सोडा, आईला कुरडयांचे गहू दळून आणायचेत."

मावशीनं पदर तोंडात कोंबला. सव्वा महिन्यात ती गावासमोर रडली नव्हती. आता रडली, आणि असं रडली की कावळे कुरडयांवर उतरले तरी कोणी हाकलले नाहीत. आप्पा उन्हात तसेच उभे होते.

"मी मंडळीत सांगतो," ते म्हणाले. "येत्या रविवारी."

"मंडळीत नको. तिथं सगळे आमेन म्हणतील आणि घरी जाऊन जेवतील."

"मग पोलिसांत जातो."

"ते तुमचं तुम्ही बघा." तिनं नाक पुसलं. "उद्या संध्याकाळी पुन्हा या. पुन्हा सांगा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू अजून इथं काय करतेस? ट्रंक उचल. दोनची गाडी आहे ना? तुझी आई काल शिदोरी घेऊन आली होती, मला काय दिसत नाही?"

"मावशी, आप्पांना माफ केलंस ना?"

"तुला गाडी गाठायची आहे की माझं मन? जा!"

मी दोनची गाडी गाठली. पंधरा तारखेला साडेनऊला मिरजेला हजर झाले. पुढची चौतीस वर्षं मी वॉर्डात काढली, ती गोष्ट वेगळी.

आप्पा पोलिसांत गेले. फौजदारानं प्रकरण मिटलंय म्हणून परत पाठवलं. मंडळीत त्यांनी पुन्हा कधी पुढं होऊन प्रार्थना केली नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मावशीच्या अंगणात गेले आणि पुन्हा सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशीही गेले. आईनं लिहिलेल्या प्रत्येक पत्रात असायचं, हे आजही गेले होते. काही दिवसांनी दोराचं बोलणं थोडं कमी झालं आणि आमोसचं वाढलं. तो कामावर काय खायचा, कोणाची थट्टा करायचा, कसा शीळ घालायचा. आप्पांसोबत तो चार वर्षं काम करत होता, सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मावशी ओट्यावर, आप्पा खाली पायरीवर. पावसापाण्यातही चुकलं नाही. तेरा वर्षं गेले ते.

पण 'माफ केलं' एवढे दोन शब्द मावशीच्या तोंडून कधी निघाले नाहीत. आप्पा म्हातारे झाले, काठी टेकत जायचे, रिकाम्या चेहऱ्यानं परत यायचे. माझा जीव तुटायचा. ती शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा मी रजा टाकून गेले, तिला न्हाऊ-माखू घातलं, औषधपाणी केलं. एक दिवस तिचे केस विंचरताना मला राहवलं नाही.

"मावशी, आता तरी म्हण की गं. तेरा वर्षं झाली. रोज येतात ते. तुझ्या मनात अजून राग आहे का?"

"राग?" ती हसली. दात पडलेले, आवाज अगदी बारीक झालेला. "राग तर त्याच दिवशी गेला, अंगणात."

"मग सांगून का टाकत नाहीस त्यांना?"

तिनं माझ्या हातातली फणी बाजूला सारली आणि दाराकडे बघितलं. आप्पांची यायची वेळ झाली होती.

"माफ केलं म्हटलं तर उद्या यायचा नाही तो," ती म्हणाली. "मग माझ्या आमोसचं नाव माझ्यापुढं कोण काढणार?"